सत्यभामाबाईचे दोन दशांश

बद्रीनाथ गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नुसता येरझाऱ्या घालत होता. खालून थोरल्या भावजयीनं, छबुबाईनं विचारलंच, स्लॅबला भोक पाडायचं ठरवलंय का भाऊजी?

बीडच्या संगीताताईंचा फोन येणार होता. सकाळीच त्यांचा निरोप आला होता, संध्याकाळी काकूंशी बोलायचंय, त्यांना जवळ बसवा.

आणि काकू, म्हणजे त्याची बायको सत्यभामा, पोळ्याच्या आधीच गेली होती.

श्रवण नक्षत्राच्या खालच्या अंगाला एक तारा आहे. तो फुगतो, आकसतो, आणि सात दिवसांत त्याचं तेज चढून उतरतं. सत्यभामा म्हणायची, वडवणीच्या आठवडी बाजारासारखाच हाय, फक्त दर खेपेला चार तास उशीर करतो. आसपास ठरलेल्या तेजाचे दोन तारे. आज हा तेजानं त्यातल्या कुणाच्या जवळचा, ते बघायचं आणि आकडा सांगायचा. आकडा लहान, तितका तारा उजळ. ती सांगायची, बद्रीनाथ मोबाइलवर लिहून संगीताताईंच्या तारे बघणाऱ्या मंडळाला पाठवायचा. नऊ वर्षं असं चाललं. ती शिकलेली चौथी, पण लहानपण मेंढरांमागं उघड्यावर गेलेलं. तिच्या नजरेला तोड नव्हती.

तेरावं झालं आणि एका संध्याकाळी बद्रीनाथ एकटाच वर चढला. स्वतः बघितलं आणि आकडा तिच्या नावानं पाठवला. मग पाठवतच राहिला. ती नाही हे गावाला ठाऊक होतं. मंडळाच्या यादीत मात्र ती अजून रोज तारा बघत होती.

फोन वाजला. काकू भाकरी टाकतेय, असं तो सांगून बसला. मग संगीताताईंनी त्यालाच सांगितलं. काकूंना तारा बाकीच्यांपेक्षा दोन दशांश उजळ दिसायचा, कायमच. मंडळ तेवढी दुरुस्ती धरूनच चालायचं. पण ऑगस्टअखेरपासून तो फरकच राहिला नाही. डोळ्यांचं काही झालंय का? नजर नेमकी कधीपासून बदलत गेली ते कळलं नाही, तर त्यांचे सगळेच आकडे बाजूला ठेवावे लागतील.

"सगळे? नऊ वर्षांचे?"

"काय करणार काका? विसंबायचं कशावर?"

बद्रीनाथनं कठडा धरला.

"ताई, नजर न्हाई बदलली. माणूस बदललं. ती गेली. चोवीस ऑगस्टपासून मीच बघतो."

मग ताईंनी हलक्या आवाजात शेवटचा खरा आकडा कोणता ते विचारलं. नऊ ऑगस्टचा, तो म्हणाला. तिथवरचे सगळे राहतील, त्या म्हणाल्या.

"अन् पुढचे? तिच्या नावावर न्हाई ठेवता यायचे?"

"नाही काका. तुमच्या नावावर ठेवते."

फोन ठेवून त्यानं वर बघितलं. तारा उतरतीला लागला होता. तीन पूर्णांक नऊ. तिला तो तीन पूर्णांक सात दिसला असता. त्यानं तीन पूर्णांक नऊच लिहिलं, खाली बद्रीनाथ लिहिलं, आणि पाठवायच्या आधी पुन्हा एकदा वर बघितलं.