उसन्या नावाचे मरण

सारान अंगणात बाजरी कांडत होती. मुसळ वर जाई तेव्हा ती पुटपुटे, "ञांकोरो", खाली येताना, "सुखरूप ठेव, अल्ला." दोन वर्षे हा नेम चुकला नव्हता.

नायजरकाठच्या त्या गावात, मुखिया मोरिबाच्या घरी, ती गुलाम म्हणूनच जन्मली होती. फ्रेंच सरकारने मोरिबाकडे लढाईसाठी मुलगा मागितला, तेव्हा त्याने आपल्या सुमायलाला कणगीत लपवले आणि सारानच्या मुलाला, ञांकोरोला, सुमायला म्हणून पुढे केले. घरच्या गुलामाला आडनाव मालकाचेच. फक्त नाव बदलायचे होते.

"रडतेस काय, आई?" एकोणीस वर्षांचा ञांकोरो निघताना हसला. "आता मी मुखियाचा लेक! परत आलो की मालकीणबाईंकडून पाय धुऊन घेईन."

"हळू बोल, मेल्या!" सारानने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तो 'मेल्या' शब्द पुढे तिला जन्मभर टोचला.

छावणीत 'सुमायला' पुकारले की तो गप्प राही आणि थप्पड खाई. हळूहळू ओ द्यायला शिकला. फ्रान्सच्या थंड चिखलात पाय काळे पडले, ताप डोक्यात चढला. इस्पितळातली परिचारिका "सुमायला, सुमायला" म्हणून हाका मारत राहिली. त्याने मान वळवली नाही. शिकलेले नाव तो तापात विसरला होता.

मग कागद आला. मुखियाचा पुत्र सुमायला शौर्याने मेला. शुक्रवारी फ्रेंच साहेब सांत्वनाला येणार. सुमायला पुन्हा कणगीत शिरला.

मोठ्या घरच्या मयताला गुलाम बाईने नाव घेऊन हंबरडा फोडायचा, आणि सगळ्या बायांनी ते नाव उचलायचे, अशी तिथली रीत.

शुक्रवारी साहेब अंगणात येऊन बसला. "सूर लाव," मुखियाची बायको फान्ता सारानला कुजबुजली. "सुमायलाचं नाव घे."

"तुमचा लेक, मालकीणबाई. तुम्हीच घ्या."

"जित्या लेकाच्या नावानं मी रडू? अपशकुनी कुठली!"

"मग मेलेल्याच्या नावानं मी रडते."

"रड ना! तुझी लेक तेने नदीपल्याड देऊन टाकतील. पुन्हा लेकीचं तोंड दिसायचं नाही."

सारानने डोळे मिटले.

"ञांकोरो!"

मग एक कोवळा आवाज उठला, "ञांकोरो!" तेनेचाच. मागून गुलामवस्तीतल्या बायांचा. शेवटी फान्ताचेही ओठ हलले. आपल्या लेकाच्या नावावरची अवदसा टळत होती ना!

"काय म्हणतात?" साहेबाने विचारले.

"मेलेल्या मुलाचं नाव घेतात, साहेब," दुभाषी म्हणाला. साहेबाने टोपी काढली.

इमामाने ओंजळ पसरून सुमायलासाठी दुवा मागितली. पुरुष 'आमीन' म्हणाले. कणगीत कुणीतरी खोकले.

सोमवारी तेनेला होडीत बसवले. सारान काठावर उभी होती. होडी मध्यावर गेली, आणि पाण्यावरून हाक आली, "ञांकोरो!" सारानने ती उचलली. धुणे टाकून घाटावरच्या बायांनी उचलली.

मोरिबा ओरडला, "गप्प बसा!"

कुणी गप्प बसले नाही. उचललेले नाव रडून संपल्याशिवाय खाली ठेवायचे नसते, ही शिस्त त्याच्याच घराण्याने त्यांना लावली होती.