लग्न ठरेपर्यंत

थोरली शिवणाच्या दुकानातून घरी आली ती डावा गाल दाबूनच.

"अक्कलदाढ येत असेल," आई हसून म्हणाली. "येऊ दे बाई, तेवढीच अक्कल येईल!"

पण सूज उतरेना. दंतवैद्यांनी एक्स-रे काढला. हाडात अडकलेल्या दाढेभोवती लिंबाएवढी काळी पोकळी होती. सुई घातली तर पिवळसर पाणी आलं.

"ही सिस्ट आहे, पाण्याची पिशवी," डॉक्टर म्हणाले. "हाड आतून पोखरतेय. आत्ता तोंडातूनच काढता येईल, गालावर ओरखडाही दिसणार नाही. थांबलात तर जबडा मोडेल."

घरी येताच बापाने चपला काढायच्या आत निकाल दिला. "लग्न ठरेपर्यंत कुठेही ब्र काढायचा नाही. जबडा चिरलेली पोरगी कोण पदरात घेईल?"

"अहो, पण डॉक्टर म्हणाले..."

"डॉक्टर करून घेणार आहे का तिला?"

 पाहुणे यायचे तेव्हा थोरलीचे केस डाव्या गालावर आईच ओढायची. "उजवा गाल पुढे करून बस. हसू नकोस फार." थोरली रात्री कण्हायची, तेव्हा आई कूस बदलायची.

असे आठ महिने गेले. नवव्या स्थळाला मुलगी पसंत पडली. मुलाच्या आईने कौतुकाने बिस्कीट पुढे केलं. नाही कसं म्हणणार? थोरलीने चावलं आणि काडकन आवाज झाला. तिचा खालचा जबडा एका बाजूला लोंबला, तोंडातून रक्त-लाळ गळू लागली.

"रोगट पोर गळ्यात मारत होतात!" म्हणत पाहुणे उठले. दवाखान्यात न्यायला गाडी मात्र त्यांच्यापैकी कुणी देईना.

आता गाल बाहेरून चिरावा लागला. हाडाचा बोटभर तुकडा काढून तिथे धातूची पट्टी बसवली.

"इतके दिवस कुठे होतात?" तिथल्या नव्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलं काय, कालच जिन्यावरून पडली," बाप म्हणाला. "तसंच लिहा. धाकटीचं लग्न अजून व्हायचंय."

"पडली नाही," आईच्या तोंडून निघालं. बापाने डोळे वटारले, तरी ती थांबली नाही. "आम्ही लपवलं. केस मी ओढायचे तिच्या गालावर. हेच लिहा डॉक्टर. धाकटीला बघायला येतील त्यांनाही मी हेच सांगणार आहे."

आईने लेकीच्या हातावर हात ठेवला.

थोरलीचे दात तारेने बांधलेले होते, बोलता येत नव्हतं. तिने हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.