पुलावरचे दोन पुजारी

रविव्रती पुलाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. समोरून सोमव्रती आला. तोही उभा राहिला. मग सकाळपासून होत होतं तेच झालं, म्हणजे काहीच झालं नाही.

"अडकले," कल्पेश म्हणाला. "अकराव्यांदा."

अंकिताने कपाळाला हात लावला. खांदा कॉलनीत मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन पाच जण मिळून एक गेम करत होते. त्यातल्या लढाया, राक्षस, किल्ले बाकीच्यांचे. देऊळ तेवढं अंकिताचं. त्या देवळात सूर्याचे पुजारी रविव्रती आणि चंद्राचे सोमव्रती. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे हे दोन पंथ फक्त पुनवेच्या संध्याकाळी, एकीकडे सूर्य बुडत असतो आणि दुसरीकडे चंद्र वर येत असतो तेव्हा, नदीच्या पुलावर भेटतात. एकमेकांना नमस्कार करतात आणि दिवसाची ज्योत रात्रीच्या हाती देतात. दीड वर्ष तिने यात जीव ओतला होता. आरत्या रचल्या, घंटांचे आवाज निवडले. आणि आज चार वाजता कंपनीची मालकीण रुचिरा बघायला येणार होती. कालच तिने स्वच्छ सांगितलं होतं, "चाललं तर ठेवू. नाहीतर देऊळ काढून टाकू, लढाया आहेतच."

घड्याळात सव्वातीन.

"काय गो, भांडले का ते?" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला.

अंकिताचे वडील दिनानाथबुवा रोडपालीहून नवा चष्मा घ्यायला आले होते आणि लेकीबरोबर घरी जायचं म्हणून थांबले होते. न्हावा शेव्याच्या बंदरात तीस वर्षं नोकरी केलेला आणि त्याहून जास्त वर्षं गावोगावच्या सप्ताहांत कीर्तनाला उभा राहिलेला माणूस. गप्प बसणं अंगातच नाही.

"भांडले नाहीत आप्पा. नमस्कार करायचाय, तो करत नाहीयेत."

"का बरं?"

कल्पेशने खुर्ची वळवली. "काका, नियम असाय की ज्याचा मान कमी त्याने आधी वाकायचं, मग मोठ्याने आशीर्वाद द्यायचा. पण या दोघांचा मान सारखा. मग हा त्याची वाट बघतो, तो याची."

बुवा असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. "आरं, हे तर लग्नात रुसलेले व्याही! नियम कोनी काडला ह्यो?"

"मीच," अंकिता पुटपुटली. "सगळ्या गेममध्ये असाच असतो."

"मग सूर्याचा मान एकने वाढवून टाकू ना," कल्पेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम. तसंही चंद्राला उजेड सूर्याचाच."

"खरा हाय," बुवा म्हणाले. "पन दिवस बुडाल्यावं तुला सूर्य दिसतो का? चंद्र अंगावं घेतो त्याचा उजेड, म्हनून आमाला समजतं की तो हाय अजून. कोन मोठा नि कोन बारका, सांग बगू. ऊठ, उभा रा."

"मी?"

"तूच. तू चंद्र."

कल्पेश हसत उठला. बुवा दोन पावलं चालून आले, "माउली" म्हणाले आणि थेट त्याच्या पायांशी वाकले.

"अहो काका! काय करताय!" कल्पेश मागे सरकला तो टेबलावर आदळला.

"पलतंस कुठं? तू पन वाक!"

गडबडून तोही वाकला आणि दोघांची डोकी टणकन आपटली. डोकं चोळत बुवा म्हणाले, "हां, आता नीट झाला. आमच्यात कीर्तन सुटलं की असाच. कोनी कोनाची वाट बगत नाय. समोरच्याच्या आत देव बसलाय, त्याला वाकायचं. तुझं वय, माझं वय, तो कशाला मोजल?"

अंकिता बघतच राहिली. सहा-सात वर्षांची असताना सप्ताहाच्या मांडवात पांढऱ्या मिशांचे आजोबा तिच्या एवढ्याशा पावलांना हात लावायचे आणि तीही खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावायची. शेकडो वेळा केलेलं. आणि देऊळ बांधायला बसल्यावर तिने नेमकं तेवढंच बाहेर ठेवून मानाची उतरंड आत आणली होती.

"कल्पेश," ती म्हणाली, "मान बघूच नको. एकाने वाकायला सुरुवात केली की दुसऱ्याने त्याच क्षणी वाकायचं. आणि दोघांत हातभर अंतर जास्त ठेव."

"ते तर ठेवणारच," कपाळावरचं टेंगूळ चाचपत कल्पेश म्हणाला.

चारला दहा कमी असताना रुचिरा आली. पर्स खांद्यावरच ठेवून म्हणाली, "दाखवा."

रविव्रती आला. सोमव्रती आला. दोघे एकदमच वाकले, एकाचा हात दुसऱ्याच्या पावलावर. उठले. ज्योत या हातातून त्या हातात गेली.

रुचिराने पर्स खाली ठेवली. "दोघंही वाकतात?" तिने हळूच विचारलं. "कुठल्याच गेममध्ये नाही पाहिलं हे." थोडं थांबून म्हणाली, "देऊळ राहू दे. आणि सुरुवातीलाच ठेवू, लढायांच्या आधी."

अंकिताने वडिलांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. असा बाप आणि असा मांडव आपल्या वाट्याला आला, आपण काय केलं होतं त्यासाठी? बुवांचं मात्र लेकीकडे लक्षच नव्हतं. ते टाळीचा ठेका धरून पडद्याकडे बघत होते.

तिथं पुलापलीकडे दारं उघडत होती. बायका-माणसं दिवे घेऊन नदीकडे निघाली होती. हा भाग अंकितानेच लिहिला होता, पण पुजारी कायम अडकत असल्यामुळे तो आजवर तिने कधी पाहिलाच नव्हता. ती खुर्ची ओढून वडिलांशेजारी बसली आणि पाहू लागली.