दोन वस्त्यांमधला हापसा

मित्रांनो, मी एक जुना हापसा, आणि आज माझं डोकं भलतंच तापलंय. उन्हानं नव्हे, रागानं.

बहात्तरच्या दुष्काळात वालूरजवळच्या आमच्या गावात पाण्यावरून बौद्धवाडा आणि धनगरवाडा एकमेकांवर धावून गेले. डोकी फुटली, कडब्याच्या गंजी जळाल्या. मग परदेशातल्या एका संस्थेची माणसं आली आणि त्यांनी दोन्ही वस्त्यांच्या मधोमध मला रोवलं. माझं पहिलं पाणी असं उसळलं की जिंतूरला निघालेल्या एसटीचा टप भिजला. खोटं वाटतं? विचारा त्या ड्रायव्हरला!

पण शांतता नुसत्या पाण्यानं टिकली नाही. ती टिकवली बौद्धवाड्यातल्या पंचफुलानं आणि धनगरवाड्यातल्या बानूबाईनं. त्यांनी नेम घातला : आपली घागर आपण हापसायची नाही, समोरच्या वस्तीनं हापसून द्यायची. मग काय, एकमेकींवाचून कुणाचीच घागर भरेना.

"हापस की वं जोरात! जेवली न्हाईस का?" पंचफुला ओरडायची.

"तुझ्या घागरीला बूड हाय का बघ आधी. लय पिती!" बानूबाई ऐकवायची.

अशा शिव्या खात हापसताना दगड उचलायला हात मोकळे राहतात कुठं?

तीन उन्हाळ्यांनी माझं आतलं, पाणी वर ओढणारं चामडी वायसर झिजलं. मी नुसता खोकायला लागलो. माझा खोकला पार सोनपेठच्या बाजारात ऐकू जायचा! संस्थेचे साहेब पाहणीला आले, तेव्हा बानूबाईनं सांगितलं, "सायब, तेवढं वायसर द्या. बसवायचं आमी बघतो."

साहेब गोड हसले. आणि धाडलं काय? दोन कोरे हापसे! एक या वस्तीत, एक त्या वस्तीत. हार घातले, फोटो काढले. "आता भांडणाला कारणच उरलं नाही," म्हणून मंडळी जीपमधून धुरळा उडवत गेली.

अरे शहाण्यांनो, बोलण्याचं कारण उरलं नाही!

त्याच वर्षी बानूबाईच्या लेकाची, बिरूची, मेंढरं पंचफुलाच्या ज्वारीत शिरली. पूर्वी हे माझ्यापाशीच तोंडातोंडी मिटलं असतं. आता थेट दगड आले. पंचफुलाचा नवरा रंगनाथ रक्तबंबाळ झाला. तो दगावला असता तर दोन्ही वस्त्या पेटल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी बानूबाई पाना घेऊन बौद्धवाड्यात शिरली. सगळे थिजले.

"खोल तुमचा हापसा," ती पंचफुलाला म्हणाली. "आमचा मी खोलून आले."

पंचफुलानं पदर खोचला. म्हणाली, "धर तिकून."

दोन नव्या हापशांची वायसरं निघाली आणि ते दोघे कोरडे पडले. एक माझ्या पोटात बसलं, दुसरं जपून ठेवलंय. आता दोन्ही वस्त्या तोंडं फिरवून का होईना, माझ्याकडंच येतात. डोक्याला पट्टी बांधलेल्या रंगनाथची घागर बिरू मान खाली घालून हापसतो. अजून कुणी हसत नाही.

मित्रांनो, उद्या मोठे होऊन कुणाची भांडणं मिटवायला जाल, तर फोटोवाल्याला घरी ठेवा. तिथली माणसं काय मागतात ते आधी ऐका, आणि वर्षानं पुन्हा जाऊन काय झिजलं ते विचारा. तेवढं जमत नसेल तर मेहरबानी करा, येऊच नका!