हिरव्या खुणेची बाटली

मी एक जुनी काचेची बाटली आहे. प्रयोगशाळेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर पडून असते. गळ्यावरची हिरवी खूण आता अर्धी उडाली आहे.

मित्रांनो, मला एक जुळी बहीण आहे. आम्ही एकाच भट्टीतल्या. फक्त तिची खूण लाल. संशोधन करणाऱ्या ताई आम्हा दोघींत एकसारख्याच पेशी वाढवत. पण हार्मोनचा थेंब मिळे तिला! मला नुसते अल्कोहोल. ज्यात ते हार्मोन विरघळवलेले असे, तेवढेच.

आणि त्या थेंबाची ऐट काय सांगू! पेशीच्या केंद्रकात जनुकांचा लांबलचक धागा प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. हार्मोन आत शिरले, की त्या रिळांवर बारीक रासायनिक खुणा चढतात, गुंडाळी सैल होते आणि गप्प बसलेली जनुके कामाला लागतात. ताई त्या खुणा मोजत; खुणा जितक्या जास्त, तितकी फिल्मवर उमटणारी पट्टी काळी. फिल्मवर बहिणीची पट्टी काळीभोर उमटे, माझी फिकट. सगळे तिच्याच पट्टीभोवती जमत. माझा नुसता जळफळाट होई. बाटल्या धुणाऱ्या मावशी मला घासताना म्हणत, "लाल ती लाडाची, आणि तू बाई सावत्र!"

ताईंची एक रीत होती. थेंब टाकायची काचनळी एकच, आधी माझ्यात अल्कोहोल, मग तिच्यात हार्मोन. एके दिवशी मोठे सर शेजारी येऊन उभे राहिले. "या महिन्यात निकाल दाखव, नाहीतर हे काम बंद." ताई गडबडल्या. त्यांनी आधी लाल बाटली उचलली, आणि हार्मोन लागलेली तीच नळी मग माझ्यात घातली. कणभर हार्मोन माझ्या वाट्याला आले! मी अशी हुरळले, की विचारू नका.

फिल्मवर दोन्ही पट्ट्या काळ्या आल्या.

"हार्मोन न देताही तेच होतंय," सर म्हणाले. "तीन वर्षं पाण्यात गेली तुझी."

ताई स्टुलावर बसल्या. माझा आनंद तिथेच विरला.

मावशी बाटल्या पुसत होत्या. "ताई, त्या दिवशी तुम्ही आधी लाल उचललीत. एरवी हिरवी उचलता."

"मावशी, नक्की?"

"अहो, तुमचं बघून बघून मीसुद्धा आधी हिरवीच धुते!"

ताईंनी सगळे पुन्हा केले. आधी मी, मग ती. माझी पट्टी फिकट आली. ताईंनी तिच्याखाली बोट ठेवले. "सर, ही फिकट आहे, म्हणून ती काळी खरी."

सरांनी फिल्म उजेडात धरून माझी पट्टी पाहिली. "चालू ठेव," म्हणाले.

आज बहीण दाराजवळच्या काचेच्या पेटीत एकटीच मिरवते. येणारे-जाणारे थांबून तिला बघतात. मी अजून जळते, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, कधी हे कपाट उघडलेत, तर मला पुसून तिच्या शेजारी ठेवा. माझ्यात काही घालू मात्र नका. रिकामीच ठेवा.