न वाजणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. दिसायला लहान पेटीएवढा, पण उचलायला जड. माझ्या डोक्यावर दोन चकत्या फिरतात, एकीवरची तपकिरी फीत दुसरीवर जाते आणि माणसांचे बोलणे माझ्या पोटात राहते. मी परदेशात घडलो, मुंबईच्या एका दुकानात काही काळ धूळ खाल्ली आणि मग अमरावतीला, राजापेठेत, भगवंतरावांच्या घरी आलो. ते गाणे शिकवत. शिष्य चुकला की त्याचीच तान त्याला ऐकवत. शेजारी आपला आवाज ऐकायला येत आणि "हा मी नाहीच" म्हणून भांडत. फार कौतुक झाले माझे.

भगवंतरावांच्या पत्नी रुख्मिणीबाई मात्र माझ्यापुढे तोंड उघडत नसत. म्हणून १९६१ च्या भुलाबाईत भगवंतरावांनी मला पडद्याआड गुपचूप चालू करून ठेवले. भुलाबाई हा आमच्या वऱ्हाडातल्या मुलींचा महिनाभराचा सण. गाणी झाली की घरची बाई खाऊचा झाकलेला डबा हलवते आणि मुलींनी आवाजावरून खाऊ ओळखायचा. त्या संध्याकाळी डबा वाजलाच नाही.

"काकू, रिकामा हाये डबा!" मुली ओरडल्या.

"रिकामा? काहून व पोरीहो, जे वाजत नाही ते रिकामं असते का?"

"हरलो आमी! सांगा ना!"

रुख्मिणीबाईंनी सांगितले. मोठा हशा झाला. त्यांचा तेवढाच आवाज माझ्याकडे होता, आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हता.

ती फीत दसऱ्याला, लेक सासरहून आली की, सगळ्यांना ऐकवायचे ठरले. दसऱ्याला घरातली अवजारे पुजतात. विळी आणि कुऱ्हाडीशेजारी मलाही पाटावर बसवले. "याचं तोंड कोनतं म्हनाव?" असे म्हणत रुख्मिणीबाईंनी माझ्या जाळीवर फुलाने पाणी शिंपडले आणि माझ्या लाल बटणावर ओले कुंकू अंगठ्याने दाबून लावले. जाळीमागचा, माझा आवाज बाहेर काढणारा कागदी पडदा भिजून फाटला. लाल बटण दबले ते दबलेलेच राहिले. मित्रांनो, ते बटण आवाज भरण्याचे असते. ते दबलेले असताना मी चालू झालो की जुना आवाज पुसत जातो.

भगवंतरावांनी फीत थोडी मागे नेली आणि मला चालू केले. काहीच ऐकू येईना, तेव्हा लगेच बंद केले. तेवढ्यात फितीचा शेवट मी पुसला होता.

पुढच्या उन्हाळ्यात रुख्मिणीबाई गेल्या. भगवंतरावांनी गाणे सोडले, हळूहळू बोलणेही सोडले, आणि ते अकोल्याला आपल्या मुलीकडे, मैनाकडे, राहायला गेले. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांच्या खाटेखाली सरकवले. वर ते पडून असत, खाली मी. ज्या आवाजाच्या आठवणीने ते कूस बदलत, तो त्यांच्या पाठीखाली हातभर अंतरावर होता. मला तोंड नव्हते. आणि कोणी चालू केलेच, तर उरलेलाही पुसला जाणार होता. कोणीतरी बाहेर काढावे असे वाटे, आणि कोणी हात लावू नये असेही वाटे. अशी वर्षे गेली.

एक दिवस मैनाने मला ओढून काढले.

"काहून काढते त्याले? मेलं ते," भगवंतराव म्हणाले.

"मले पाह्यचं हाये, बाबा."

"जड हाये. एकटी कशी नेशील?" असे म्हणून तेही उठले. त्यांनी एक बाजू धरली.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चंद्रभानने मला उघडले. "ताई, याचं तोंड गेलं. पोट कसं हाये ते पाहू. माह्या रेडिओच्या तोंडानं बोलवतो याले." त्याने माझ्यातून दोन तारा काढून रेडिओच्या कर्ण्याला जोडल्या आणि मला चालू करायला हात पुढे केला. मला ओरडायचे होते. एवढे बोलणे पोटात असून मला एक शब्द काढता येत नव्हता.

"थांबा भाऊ!" मैना म्हणाली. "ते लाल बटन वर असते ना? त्याले मायनं कुंकू लावलं होतं."

चंद्रभानने वाकून पाहिले. "बाप रे! आताच सारं पुसलं असतं. देवीले कुंकू लावतात ताई, बटनाले कोन लावते?"

"माही माय," मैना म्हणाली.

त्याने वाळलेले कुंकू खरवडून काढले. बटण वर आले. फीत मागे गेली, मग पुढे फिरू लागली, आणि रेडिओतून रुख्मिणीबाई बोलल्या. "जे वाजत नाही ते रिकामं असते का?" मैनाने टेबलाची कड घट्ट धरली. "हरलो आमी! सांगा ना!" आणि मग नुसती खरखर.

"पुढं का होतं?" चंद्रभानने विचारले. मैनाला ठाऊक नव्हते. डब्याच्या त्या संध्याकाळी ती सासरी होती. मलाही सांगता येत नव्हते. फितीवरून पुसलेले बोलणे माझ्या पोटातूनही जाते.

"शिरा होता," भगवंतराव म्हणाले. घसा न वापरलेल्या दारासारखा करकरला. "दाबून दाबून भरला होता तिनं. मले म्हने, पाहा कशी फजिती करते पोरीची." मग म्हणाले, "पुन्हा लाव."

माझा पडदा अजून फाटकाच आहे. दर भुलाबाईला चंद्रभान आपला रेडिओ घेऊन येतो. फीत संपते तिथे भगवंतराव "शिरा" म्हणतात आणि मुली हसतात.

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा, पण पाणी दूर ठेवा. आणि तुमच्या घरात काही मुके झाले असेल, वस्तू असो की माणूस, तर ते रिकामे झाले असे समजून खाटेखाली सरकवू नका.