परातीतलं लाल पाणी

मार्चमध्ये शिरड शहापूरच्या पुढच्या तांड्यावर माणूस रिकामा सापडत नाही. हळद शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची. लहानथोर सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे. यंदा मात्र ढोल गप्प होते आणि लिंबाखालच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण जलबाबा आले होते.

मांडवाच्या मधोमध पितळेची परात. तिच्यात दर रोग्यामागे बाबांच्या जीपमधून आणलेलं नवं, नितळ पाणी. रोग्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवायचे, बाबांनी डोळे मिटून पुटपुटायचं, आणि बघता बघता पाणी केशरी व्हायचं, मग रक्तासारखं लाल. बायका पदर तोंडाला लावायच्या. पुरुष हात जोडायचे.

"देखो, ये खून नहीं है," बाबा सांगायचे. "ही काळजाची चरबी. डॉक्टर हिला फॅटी लिव्हर म्हणतो. तो मशीन लावतो, आमी पाणी लावतो. चरबी तापली की ताप, चरबी वितळून छातीत चढली की खोकला. तीन दिवस, तीन बुड्या. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी गंगा."

लिव्हर, ताप आणि खोकला यांची सोयरीक इतक्या झटपट आजवर कुणी जुळवली नसेल. पण बाबांची वेळ अचूक होती. महिन्यापूर्वीच्या हिंगोलीच्या तपासणी शिबिरात तांड्यावरच्या बऱ्याच जणांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं होतं. त्यातच खोकल्या-तापाची साथ घरोघर फिरत होती. घाबरलेल्या माणसाला दोन रोगांवर एक परात मिळाली तर तो दुसरं काय मागेल? पथ्यं दोनच होती: तीन दिवस हळदीच्या कामाला हात लावायचा नाही, आणि डॉक्टरची गोळी घ्यायची नाही. गोळी पोटात गेली की म्हणे पाणी रुसतं.

संगिता तांड्याची आशा कार्यकर्ती. दुसऱ्यांच्या घरी जाऊन ती हात धुवायला शिकवायची, आणि तिचा स्वतःचा नवरा परातीत हात धुऊन आला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. प्रेमदास ट्रॅक्टरवरचा ढोल चालवायचा. वजन ब्याण्णव किलो, साखर वाढलेली, लिव्हर ग्रेड टू, आणि आता चार दिवसांचा ताप. हिंगोलीच्या डॉक्टरांनी संगिताला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की हा विषाणूचा ताप बहुतेकांचा आठवडाभरात आपोआप उतरतो, पण प्रेमदासचं वजन आणि साखर बघता त्याच्या छातीवर लक्ष ठेवायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्रात आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला की उचलून आणायचं. त्या दिवशी आकडा पंच्याण्णव होता.

"तू गावभर गोळ्या वाटत हिंड," प्रेमदास म्हणाला. "माज्या काळजातली घाण मी डोळ्यांनी पाहिली."

"काळीज हातात कवा उतरलं?" तिनं विचारलं. शिकलेल्या बाईला विश्वास नसतोच, असं म्हणून त्यानं तोंड फिरवलं आणि बराच वेळ खोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी पाणी गुलाबी झालं आणि यंत्रावर त्र्याण्णव दिसलं. हिंगोलीला चला म्हणून ती हातापाया पडली. उद्या गंगा होणार, एक दिवस थांब, एवढंच त्याचं उत्तर. ब्याण्णव किलोचा नवरा काही पदराला बांधून नेता येत नाही. संगितानं ठरवलं की नवऱ्याला पटवायचं तर आधी परात पटवायला हवी. ती मांडवात जाऊन कोपऱ्यात बसली.

पहिल्यांदा पारुबाईची पाळी आली. सत्तरीची म्हातारी, अंगावर छटाकभर मांस नाही, दिवसभर हळद खालीवर करणारी. तिचं पाणी सगळ्यांत गडद झालं. बाबांनी तिचं काळीज चरबीत बुडाल्याचं जाहीर केलं. जिनं आयुष्यात तूप सणासुदीलाच पाहिलं, तिला चरबीचं नाव ऐकून थोडी ऐटच वाटली. मग हिंगोलीचे अडते गुलाबचंद आले. आधी पोट मांडवात शिरलं, मागून शेठजी. डॉक्टरांनी त्यांना ग्रेड थ्री सांगितलं होतं. पांढरेशुभ्र कपडे, पांढरेच हात. हात बुडवले, तर पाणी तसंच नितळ.

बाबा क्षणभर अडखळले. मग म्हणाले, विष खोल आहे, ओढून काढावं लागेल. त्यांनी शेठजींच्या तळहातांना चिमूटभर भंडारा चोळला, पुन्हा बुडवायला लावलं आणि पाणी लाल झालं. लोकांनी जयजयकार केला. संगिताच्या मनात मात्र कुसळ टोचलं. वाळकी म्हातारी लाल आणि ढेरपोटे शेठजी कोरे, हे कसलं लिव्हर?

तेवढ्यात त्या दिवसाची मजुरी बुडाल्याचं दुःख विसरायला पारुबाई शेजारी येऊन बसली. तिनं चंची सोडली, डाव्या पंजावर तंबाखू घेतली, बोटानं चुना लावला आणि अंगठ्यानं चोळायला लागली. संगिताचं लक्ष गेलं. हात परातीत धुतलेला, तरी भेगांमध्ये हळद उरलेली. आणि अंगठ्याखाली त्या भेगा लालभडक होत होत्या. तिनं म्हातारीचा हात धरला.

"काकी, हे लाल काहून झालं?"

"चुना लागला की हळद लाल होतीच की," पारुबाई म्हणाली. "कुंकू कशाचं करतात मग? शाळेत काय शिकलीस गं तू?"

तांड्यावरच्या निम्म्या लोकांच्या पंजावर हा चमत्कार दिवसातून दहा वेळा होत होता आणि कुणी नारळ फोडत नव्हतं. संगितानं घरी जाऊन ग्लासभर पाण्यात चुना कालवला, गाळ तळाशी बसू दिला आणि वरची निवळी ओतून घेतली. दिसायला साधं पाणी, परातीतल्यासारखंच. हळदीचं बोट बुडवलं, तर लाल. ती एकटीच हसली, आणि मग तिला स्वतःचा रागही आला, कारण हे तिला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रेमदासचं पाणी खरोखर नितळ राहिलं. काळीज दुधासारखं झालं, असं बाबांनी सांगितलं. तो खांबाला टेकून बसला होता, घामाघूम. तेव्हा संगिता हात जोडून पुढं आली.

"बाबा, अजून एक पेशंट हाय. त्याला चालवत न्हाई. अंगातला सदरा आणलाय. सदऱ्यावरून होतं का?"

भरल्या मांडवात नाही म्हणणं बाबांना परवडणारं नव्हतं. आत्मा वस्त्रातही असतो, असं काहीसं बोलून त्यांनी सदरा बुडवला. परात लाल झाली. बाबांनी डोळे मिटले. हा माणूस तळलेलं फार खातो, घरात सगळ्यांवर खेकसतो, काळजावर तीन बोटं चरबी, छाती कफानं भरलेली. दोन दिवस उशीर झाला असता तर हातचा गेला असता.

"उशीर झालाच, बाबा," संगिता म्हणाली. "दोन वर्सं झाली, एका पायावर उभा हाय. पारुकाकीच्या हरभऱ्यातल्या बुजगावण्याचा सदरा हाय ह्यो. राती मी हळदीच्या पोत्यात घोळून काढला."

आधी पारुबाई हसली, मग सगळा मांडव. बुजगावण्याला पथ्य काय सांगता, असं कुणीतरी विचारलं. बाबा म्हणाले, अश्रद्धेनं पाणी बाटलं, नवं आणतो. आणि जे मांडवाबाहेर गेले ते थेट जीपमध्ये बसले. परात तिथंच राहिली.

प्रेमदास मात्र हसला नाही. त्याच्या नितळ पाण्याचं काय, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता. संगितानं घरून आणलेली चुन्याची निवळी ताटात ओतली. त्याचे हात बुडवले, पाणी नितळ. मग बोटांना चिमूटभर हळद लावून पुन्हा बुडवले, पाणी लाल.

"तीन दिवस तुमी ढोलावर गेला न्हाईत," ती म्हणाली. "हातावरची हळद धुऊन गेली. रोग जिथल्या तिथंच हाय." तिनं बोटाला यंत्र लावलं. एक्याण्णव.

त्यानं आकडा वाचला. मग इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं. "संगे, कालपासून दम लागून राहिला. तुला सांगितलं न्हाई."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. गाडी गुलाबचंदांनी दिली. पांढऱ्या हातांना भंडारा चोळून घेतल्याची लाज त्यांना वाटत असावी. तासाभरात प्रेमदास हिंगोलीत ऑक्सिजनवर होता. न्युमोनिया सुरू झाला होता. आणखी एक दिवस गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. सहा दिवसांनी तो घरी आला, बारीक आवाजाचा आणि बराच ऐकणारा. लिव्हरवरची चरबी हातातून निथळत नसते. चालणं, साखर-तेलाला आळा, दारूला रामराम आणि वजन कमी करणं, हाच तिचा रस्ता आहे. तो कंटाळवाणा आहे, म्हणून त्यासाठी कुणी मांडव घालत नाही.

संगितानं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. तरीही तांड्यावर काही जण म्हणतच होते, "पण आमचा खोकला तर बाबानंच बरा केला." त्यांना ती एकच सांगायची, आणि तेच तुम्हांलाही सांगणं आहे. असला ताप सहा जणांना आला, तर पाच जण परातीत हात घातला तरी बरे होतात आणि नाही घातला तरी बरे होतात. त्या पाचांच्या जिवावरच बाबा मोठे होतात. प्रश्न सहाव्याचा असतो. त्याचा दम वाढत असतो, तेव्हा त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घरचे लोक पाण्याचा रंग बघत बसलेले असतात.